पोलिसांना बोलावण्याआधी आणि बोलावल्यानंतर

विद्यापीठाच्या आवारातली आंदोलने आणि तिथला पोलीस बंदोबस्त या विषयावर आलेल्या पत्रांतले आठ प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही प्रशासनाच्या बाजूचे आहेत, काही विद्यार्थ्यांचे, एक पालकाचा. कोणाच्या मागण्या रास्त आणि कोणाच्या नाहीत यात आम्ही शिरलेलो नाही. आंदोलन हाताळायचे कसे, एवढाच इथला विषय.

प्रश्न : मुख्य इमारतीसमोर विद्यार्थ्यांनी ठिय्या दिला, तंबू ठोकले, तर पोलिसांना कधी बोलवायचे याचा काही ठोकताळा आहे का? आमच्या समितीत एक जण म्हणतो पहिल्याच दिवशी बोलवा, दुसरा म्हणतो कधीच नको.
(शिस्त समितीवरील एक प्राध्यापक)

किती दिवस झाले, किती जण बसलेत, घोषणा किती कडवट आहेत, यांवर हा निर्णय सोडू नका. तीन प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरे कागदावर उतरवा. आत्ता, या घडीला कोणाच्या जिवाला किंवा अंगाला धोका आहे का? नसेल, तर अडलेले काम दुसरीकडे हलवता येते का? तेही जमत नसेल, तर बोलणी, शिस्तीची कारवाई आणि न्यायालय हे तिन्ही मार्ग खरोखर वापरून झाले का?

पहिल्याचे उत्तर ‘हो’ असेल तर थांबू नका. मारहाण, आग, शस्त्र, खोलीत कोंडलेला माणूस, अडवलेली रुग्णवाहिका अशा वेळी बैठक बोलवायची नसते, फोन करायचा असतो. पण हिरवळीवरचे तंबू, पायऱ्यांवरचा ठिय्या, रात्रभरचे ढोल यांत ते उत्तर बहुधा ‘नाही’ असते, आणि खऱ्या चुका तिथेच होतात. गैरसोयीला ‘धोका’ म्हणायची घाई होते. ‘आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट अडली आहे’ असे कोणी म्हणाले, तर अग्निसुरक्षा पाहणारा माणूस घेऊन जागेवर जा. दोन माणसे शेजारी-शेजारी आणि मागून स्ट्रेचर जाईल एवढी वाट मोकळी आहे का, हे बघा. नसेल तर जमिनीवर खडूने किंवा पट्टीने वाट आखून द्या आणि एवढी जागा सोडा असे विद्यार्थ्यांना सांगा. निम्म्याहून अधिक वेळा ती लगेच मोकळी होते, कारण मागणी नेमकी असते आणि तिच्यात कोणाची हार नसते. ढोलांचेही तसेच. ‘आवाज बंद’ म्हणण्यापेक्षा परीक्षेच्या तासांपुरती शांतता मागा.

पोलीस न बोलावणे म्हणजे शरण जाणे, हा समज मात्र काढून टाका. शिकागो विद्यापीठात ३० जानेवारी १९६९ रोजी विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतीचा ताबा घेतला. अध्यक्ष एडवर्ड लेव्ही यांनी पोलीस बोलावलेच नाहीत. कचेऱ्या दुसरीकडून चालवल्या आणि शिस्त समित्या बसवल्या. दोन आठवड्यांनी विद्यार्थी आपणहून बाहेर पडले. त्यानंतर ४२ जणांना काढून टाकले आणि ८१ जणांना निलंबित केले. ही शिक्षा फार कठोर होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण कोणाचे डोके फुटले नाही आणि विद्यापीठ बंद पडले नाही, हेही खरे.

त्याच्या आदल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाच इमारती विद्यार्थ्यांच्या ताब्यात होत्या. ३० एप्रिल १९६८ च्या पहाटे पोलीस घुसले. ७०० हून अधिक जणांना अटक झाली, शंभरावर लोक जखमी झाले. तोवर तटस्थ राहिलेले विद्यार्थी आणि शिक्षक दुसऱ्या दिवसापासून संपावर गेले आणि सत्राचे उरलेले वर्ग जवळजवळ बुडाले. अध्यक्ष ग्रेसन कर्क यांना त्याच ऑगस्टमध्ये पद सोडावे लागले. तिथेच १८ एप्रिल २०२४ रोजी, गाझातल्या युद्धाविरुद्ध हिरवळीवर ठोकलेले तंबू हटवायला पोलीस आणले, शंभरावर विद्यार्थी पकडले. त्यांनी प्रतिकार केला नाही, असे पोलीस अधिकाऱ्यांनीच सांगितले. त्याच दिवशी शेजारच्या हिरवळीवर नवी छावणी उभी राहिली आणि महिना संपायच्या आत देशभरच्या आवारांत तिचे अनुकरण झाले. शांत बसलेल्यांवर पोलीस घातले की बघ्यांचे आंदोलक होतात. समितीतल्या ‘पहिल्याच दिवशी’ वाल्या सदस्यांपुढे ही दोन उदाहरणे ठेवा.

प्रश्न : परवानगीशिवाय पोलीस आवारात येऊच शकत नाहीत, असे आमचे सीनियर सांगतात. हे खरे आहे का?
(एक विद्यार्थी प्रतिनिधी)

बहुतेक ठिकाणी हा संकेत आहे, कायदा नाही. या दोहोंतला फरक माहीत नसल्यामुळे मुले गाफील राहतात.

कायदा होता तो ग्रीसमध्ये. १७ नोव्हेंबर १९७३ च्या पहाटे लष्करी राजवटीचा रणगाडा अथेन्सच्या पॉलिटेक्निकचे फाटक मोडून आत शिरला. लोकशाही आल्यावर १९८२ मध्ये विद्यापीठांच्या आवाराला कायद्याने संरक्षण मिळाले. २०११ मध्ये ते काढले, २०१७ मध्ये परत आणले आणि २०१९ मध्ये पुन्हा काढले. लॅटिन अमेरिकेत, अर्जेंटिनातल्या कोर्दोबा विद्यापीठातल्या १९१८ च्या विद्यार्थी चळवळीपासून, विद्यापीठांच्या स्वायत्ततेची परंपरा आहे. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात १९६८ च्या सप्टेंबरमध्ये लष्कर घुसले, तेव्हा कुलगुरू हाव्हिएर बारोस सिएरा यांनी निषेध म्हणून राजीनामा पुढे केला होता. फ्रान्समध्ये आवारातली सुव्यवस्था विद्यापीठाच्या अध्यक्षाची जबाबदारी असते आणि एरवी पोलीस त्याच्या मागणीवरून येतात, पण डोळ्यांदेखत गुन्हा घडत असेल तर त्यांना थांबावे लागत नाही.

इंग्लंडमध्ये नुसते दुसऱ्याच्या जागेत बसणे हा बहुधा दिवाणी मामला असतो. म्हणून तिथली विद्यापीठे न्यायालयातून ताब्याचा आदेश आणतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने जून २०२४ मध्ये तेच केले. यात वेळ जातो, पण विद्यार्थ्यांना न्यायाधीशासमोर बोलायची संधी मिळते. अमेरिकेत चित्र उलटे आहे. अनेक विद्यापीठांचे स्वतःचे पोलीस दल असते, अटकेचा अधिकार आणि हत्यार असलेले. तिथे पोलीस आत येणार का हा प्रश्नच नसतो, ते आतच असतात. बाहेरची कुमक कोण आणि कधी मागवतो, एवढेच विचारायचे उरते. शिवाय तिथल्या सरकारी विद्यापीठांवर अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या घटनादत्त हमीचे थेट बंधन असते, खासगी विद्यापीठे मुख्यतः आपल्या नियमपुस्तिकेने बांधलेली असतात.

भारतात पोलिसांना आवारात मज्जाव करणारा वेगळा कायदा नाही. परवानगीचा संकेत किती लवचीक असतो, हे दिल्लीत तीन आठवड्यांच्या अंतराने दिसले. १५ डिसेंबर २०१९ रोजी पोलीस जामिया मिलियाच्या आवारात आणि ग्रंथालयात शिरले, आणि परवानगी दिली नव्हती असे कुलगुरूंनी जाहीरपणे सांगितले. ५ जानेवारी २०२० रोजी जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तोंडे बांधलेली टोळी लोकांना झोडपत होती, तेव्हा पोलीस फाटकाबाहेर थांबल्याची टीका झाली. लेखी विनंतीनंतर ते आत आले. ‘परवानगी नाही’ या दोन शब्दांवर विसंबू नका. आपल्या विद्यापीठाच्या नियमात परवानगी कोण देतो, कोणाशी सल्लामसलत करून देतो आणि ती लेखी असावी लागते का, हे आधी वाचून ठेवा. कोलंबियात १९६८ नंतर विद्यापीठ सिनेट उभे राहिले आणि पोलीस बोलावण्यापूर्वी तिच्या कार्यकारी समितीशी सल्लामसलत करायची तरतूद झाली. २०२४ मध्ये समितीचा होकार नसतानाही पोलीस आले. नियमात ‘सल्ला’ आहे की ‘संमती’, हा एक शब्द किती जड असतो ते यावरून कळावे.

प्रश्न : आंदोलकांना पुढारीच नाही. रोज नवे चेहरे. बोलणी करायची कोणाशी?
(विद्यार्थी कल्याण विभागातील एक अधिकारी)

‘तुमचा नेता पाठवा’ हा निरोप आधी बंद करा. जो येतो त्याच्यावर उरलेले संशय घेतात आणि तो रिकाम्या हाताने परतला की त्याची पत संपते. त्याऐवजी ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि प्रशासनाकडून रोज तेच दोन चेहरे, असे ठेवा. समोरून कोणीही येऊ दे, तीन ते पाच जण. बैठक संपली की काय बोलणे झाले ते अर्ध्या पानात लिहून दोन्ही बाजूंना द्या. उद्या वेगळे चेहरे आले तरी कागद तोच राहतो.

बोलणी करणारा माणूस निलंबनाच्या पत्रावर सही करणारा नसावा. हे दोन अधिकार एकाच हातात असले, तर मुले त्याच्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत आणि त्यांचे बरोबरच असते.

मागण्यांची तीन गटांत विभागणी करा. विद्यापीठ आज करू शकते ते, विद्यापीठाचे मंडळच करू शकते ते, आणि विद्यापीठाच्या हातात नसलेले. तिसऱ्या गटाबद्दल खोटी आशा दाखवू नका. दुसऱ्या गटासाठी निकालाचे वचन देता येत नाही, पण सुनावणीचे देता येते. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात ३० एप्रिल २०२४ रोजी नेमके हेच झाले. इस्रायलशी संबंधित कंपन्यांतली विद्यापीठाची गुंतवणूक काढून घेण्याचा प्रश्न नियामक मंडळापुढे मांडायची संधी पाच विद्यार्थ्यांना मिळेल आणि ऑक्टोबरमध्ये त्यावर मतदान होईल, एवढे ठरले. संध्याकाळपर्यंत तंबू निघाले. ऑक्टोबरमध्ये मतदान झाले आणि ते विद्यार्थ्यांच्या मागणीच्या विरुद्ध गेले. विद्यार्थी नाराज झाले, पण दिलेला शब्द पाळला गेला होता.

एक मुद्दा हमखास अडतो : कारवाई मागे घेणार का? यावर ‘बघू’ म्हणू नका. आवार सोडले तर केवळ बसल्याबद्दल कारवाई नाही, मारहाण किंवा मोडतोड असेल तर चौकशी होईल, अशी रेघ ओढून लिहून द्या.

प्रश्न : पोलिसांना विनंतीपत्र लिहायची वेळ आलीच, तर त्यात काय असावे?
(कुलसचिव कार्यालयातील एक कर्मचारी)

‘परिस्थिती चिघळली असून योग्य ती कारवाई करावी’ हे वाक्य सर्वांत घातक. त्याचा अर्थ ज्याला जसा लागेल तसा लावला जातो.

पत्रात पहिल्यांदा उद्दिष्ट असावे, एका वाक्यात. ‘पश्चिमेचे दार मोकळे करणे’ हे उद्दिष्ट आहे, ‘आंदोलन संपवणे’ हे नाही. मग जागा, नकाशासह : कोणती हिरवळ, कोणता मजला, कोणती दारे उघडी असतील, लोकांनी कोणत्या वाटेने बाहेर पडायचे. आत अंदाजे किती जण आहेत. कोणी अपंग, आजारी, उपोषणाला बसलेले आहे का. प्रयोगशाळा असेल तर गॅस सिलिंडर आणि रसायने कुठे आहेत. ज्या भागात कारवाई नको तो भाग, म्हणजे ग्रंथालय, वसतिगृह, दवाखाना, स्पष्ट लिहा. विद्यापीठाच्या वतीने जागेवर कोण उभा असेल आणि ‘थांबा, आमची विनंती मागे घेतो’ असे म्हणायचा अधिकार कोणाला आहे, त्या एकाच माणसाचे नाव आणि फोन द्या. शेवटी, कोणत्या नियमाच्या किंवा कायद्याच्या आधारे ही विनंती आहे, ते कलमासह.

पत्र पाठवण्याआधी पोलीस अधिकाऱ्याला समोरासमोर विचारा : किती माणसे आणणार, हातात काय असेल, लोक उठले नाहीत तर काय कराल? पद्धत कोणती वापरायची हे पोलीसच ठरवतात, त्यात विद्यापीठाचा शब्द चालत नाही. म्हणूनच हे प्रश्न आधी विचारायचे. उत्तर पटले नाही तर पत्र देऊ नका. एकदा ते आत आले की लगाम तुमच्या हातात नसतो.

यातली प्रत्येक त्रुटी एकाच दुपारी पाहायची असेल तर १८ नोव्हेंबर २०११ चे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिस आवार पाहा. शुल्कवाढीविरुद्ध तंबू पडले होते. बाहेरचे लोक छावणीत घुसल्याची काळजी प्रशासनाला होती, पण ते खरे आहे का हे कोणी तपासले नाही. फोनवरच्या बैठकीत तंबू हटवायचे ठरले. कुलपतींच्या मनात होते की बळाचा वापर होणार नाही, पोलिसांपर्यंत ती अट तशी पोचलीच नाही. वेळ दुपारी तीनची निवडली गेली, शुक्रवारची, आवार गजबजलेले असताना. तंबू निघाले, पण विद्यार्थी हातात हात अडकवून पायवाटेवर बसले. विद्यापीठाच्याच पोलिसांतल्या एका अधिकाऱ्याने मोठ्या डब्यातून त्यांच्या तोंडांवर मिरचीचा फवारा (पेपर स्प्रे) मारला, रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत. तो डबा गर्दीसाठीचा होता, किमान सहा फुटांवरून वापरायचा. त्या दलाला तो वापरायची मंजुरी नव्हती, प्रशिक्षणही नव्हते. माजी न्यायमूर्ती क्रूझ रेनोसो यांच्या चौकशी गटाने एप्रिल २०१२ मध्ये हे सगळे मांडले आणि ही घटना टाळता आली असती, टाळायलाच हवी होती, असा निष्कर्ष काढला. पुढे २१ जणांना प्रत्येकी ३० हजार डॉलर द्यावे लागले. कारवाईचा कायदेशीर आधार कोणता, हेही त्या दिवशी कोणाला नीट सांगता येत नव्हते. वर ‘कलमासह’ म्हटले ते याचसाठी.

प्रश्न : ‘जमाव पांगवा’ असा इशारा झाला की नेमके काय समजायचे? आणि बसून राहायचे ठरवले तर?
(एक विद्यार्थिनी)

धड इशाऱ्यात पाच गोष्टी असतात : बोलणारा कोण, कोणत्या अधिकाराने, कोणत्या वाटेने जायचे, किती मिनिटांत, आणि न गेल्यास काय होईल. तो निदान तीनदा, मध्ये वेळ सोडून, वेगवेगळ्या बाजूंनी द्यायला हवा. गर्दीच्या पार मागच्या टोकाला उभे राहून कोणीतरी तो ऐकू येतो का हे पाहावे आणि ध्वनिमुद्रण करावे. घोषणा चालू असताना हातातल्या भोंग्याचा आवाज पुढच्या काही रांगांपलीकडे जात नाही. पोलिसांनाही हे ठाऊक असते, तरी घाईत विसरले जाते.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात ४ मे १९७० च्या दुपारच्या सभेवर बंदी होती. तशी पत्रके वाटली होती, पण अनेकांना ती माहीतच नव्हती. जीपमधून भोंग्यावर पांगायला सांगितले गेले, ते गोंगाटात बुडाले. अश्रुधूर वाऱ्याने पसरला. भरलेल्या रायफली घेऊन ओहायो नॅशनल गार्डचे (राज्याच्या राखीव लष्करी दलाचे) जवान तीन बाजूंनी कुंपण असलेल्या मैदानात जाऊन अडकले, मग टेकडी चढून परत फिरले आणि वर पोचताच काही जणांनी गोळीबार केला. १३ सेकंदांत ६७ गोळ्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. मेलेल्यांपैकी सर्वांत जवळचा ८० मीटरच्या आसपास होता, दोघे तर वर्गाकडे चालले होते. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने हा गोळीबार अनावश्यक आणि अक्षम्य ठरवला आणि विद्यार्थ्यांसमोर सरसकट भरलेल्या रायफली देणे बंद करा असे बजावले. म्हणून सांगतो, घोषणा नीट ऐकू आली नाही तर ‘काय म्हणाले?’ असे शेजाऱ्याला विचारत थांबू नका, घोषणाबाजी मिनिटभर थांबवायला सांगा.

जायचे असेल तर चालत जा, पळू नका. सांगितलेली वाट अडलेली दिसली तर हात उघडे दाखवून जवळच्या पोलिसाला विचारा आणि त्याचे उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड होऊ द्या. बसून राहायचे ठरवले असेल, तर तो निर्णय इशाऱ्याआधी घेतलेला असावा आणि प्रत्येकाचा स्वतःचा असावा. दम्याचा त्रास असलेल्यांनी, परदेशी विद्यार्थ्यांनी, घरी लहान मूल असलेल्यांनी बाहेरच्या कडेला राहावे. अंग सैल सोडलेल्या माणसाला पायऱ्यांवरून उतरवायला चार जण लागतात आणि डोके पायरीवर आपटायचा धोका तिथेच असतो. म्हणून जिन्यावर बसू नका. हात एकमेकांत अडकवले की सोडवताना मनगट आणि खांदा दुखावतो, शिवाय काही ठिकाणी तो ‘प्रतिकार’ धरला जातो.

मिरचीचा फवारा लागला तर डोळे चोळू नका, लेन्स काढा, भरपूर गार पाण्याने धुवा. तेल किंवा मलम लावू नका, त्याने ती आग त्वचेला धरून राहते. मनगटाला प्लास्टिकची पट्टी बांधली आणि बोटे बधिर झाली, तर मोठ्याने सांगा, वेळ सांगा आणि बोलत राहा. पट्टीखाली एक बोट शिरायला हवे. फार वेळ घट्ट राहिली तर नस कायमची दुखावू शकते.

प्रश्न : आंदोलन सुरू झाल्यावर तंबूबंदीचा नियम केला तर चालेल का?
(एका महाविद्यालयाचे उपप्राचार्य)

करता येईल, पण करू नका. इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टन आवारात १९६९ पासून एका हिरवळीवर निदर्शनांना मुभा होती. २४ एप्रिल २०२४ रोजी, आंदोलनाच्या आदल्या दिवशी, तंबूंसाठी पूर्वपरवानगीची अट घातली गेली आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच आधारावर धरपकड झाली. नियमाचा आदर हवा असेल तर तो सत्राच्या सुरुवातीला करा, सगळ्या संघटनांना सारखा लावा, आणि जागा, वेळ, आवाज यांपुरताच ठेवा. काय बोलले जाते यावर नियम बेतला की तो नियम राहत नाही, बंदी होते.

प्रश्न : मुलाला आंदोलनात ताब्यात घेतले होते. आता विद्यापीठानेही नोटीस दिली आहे. एकाच गोष्टीसाठी दोन शिक्षा कशा?
(एक पालक)

या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि एकीवर सुटका झाली म्हणून दुसरी आपोआप थांबत नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो. शिस्त समितीला तेवढा पुरावा लागत नाही. उलटेही होते. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन आवारात २४ एप्रिल २०२४ रोजी ५७ जणांना पकडले आणि सरकारी वकिलांनी दोन-तीन दिवसांत पुराव्याअभावी आरोप सोडून दिले.

सर्वांत आधी नोटिशीवरची तारीख पाहा आणि उत्तराची मुदत घरात दिसेल अशी लिहून ठेवा. मुदत चुकणे हीच सर्वांत मोठी चूक असते. नोटिशीत नेमके कोणते कृत्य, कुठे, किती वाजता आणि कोणत्या नियमाखाली हे नसेल, तर ते लेखी मागा. ‘आंदोलनात सहभाग’ एवढेच लिहिले असेल तर तो आरोप अपुरा आहे. अमेरिकेत अलाबामाच्या सरकारी महाविद्यालयातून १९६० मध्ये उपाहारगृहातल्या धरण्यावरून नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना सुनावणीशिवाय काढले होते. पुढच्या वर्षी न्यायालयाने ठरवले की सरकारी महाविद्यालयाने आधी नोटीस आणि बाजू मांडायची संधी द्यायलाच हवी, साक्षीदारांची नावे आणि ते काय सांगतात हेही कळवायला हवे.

मुलाने समितीपुढे जे लिहून द्यायचे ते वकिलाला दाखवूनच द्यावे. ते कागद फौजदारी प्रकरणात वापरले जाऊ शकतात. खटला चालू असेल तर सुनावणी पुढे ढकलण्याची विनंती करता येते. चौकशी संपेपर्यंतचे निलंबन असेल तर वसतिगृह, परीक्षा आणि ग्रंथालय या तिन्हींचे काय, हे वेगवेगळे विचारा. निलंबनाच्या पत्रात बहुधा ‘आवारात प्रवेश नाही’ एवढेच असते आणि मुलगा त्याच रात्री रस्त्यावर येतो. आणि समाजमाध्यमांवरच्या आपल्या जुन्या नोंदी घाईने पुसू नका. पुसणे हाच पुढे पुरावा ठरू शकतो.

प्रश्न : कारवाई झाली, लाठीमार झाला, पोलीस गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाने काय करावे?
(एका विभागाच्या प्रमुख)

पहिल्या तासात कॅमेऱ्यांचे चित्रण राखून ठेवण्याचा लेखी आदेश काढा. बऱ्याच यंत्रणांत काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जुन्यावर नवे चित्रण चढते आणि मग ‘उपलब्ध नाही’ हे उत्तर खरेच ठरते. सुरक्षारक्षकांच्या नोंदवह्या, फोनची यादी, विनंतीपत्राची प्रत एकत्र सील करा. जखमींची यादी दवाखान्यांतून मिळवा, आणि त्यात पोलीस आणि कर्मचारीही धरा. ताब्यातला प्रत्येक जण कुठे आहे हे कळेपर्यंत एक फोन रात्रंदिवस चालू ठेवा. औषधे रोज घ्यावी लागणारे कोण आहेत, ते सहकाऱ्यांना विचारून पोलिसांना कळवा.

‘विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी नाइलाजाने’ असे निवेदन घाईने काढू नका. त्यातले एक वाक्य चित्रणाशी जुळले नाही, की पुढे कशावरच विश्वास बसत नाही. जे पक्के माहीत आहे तेवढेच लिहा, आणि पुढचे निवेदन किती वाजता येईल ते सांगा. जादवपूर विद्यापीठात १६ सप्टेंबर २०१४ च्या रात्री घेराव उठवायला पोलीस आणले गेले. त्यानंतर महिनोन्‌महिने मागणी एकच उरली, कुलगुरूंनी जावे. जानेवारी २०१५ मध्ये ते गेले.

चौकशी बाहेरच्या माणसाकडे द्या, ज्याने त्या दिवशी कोणताच निर्णय घेतलेला नाही आणि जो कुलगुरूंच्या मर्जीवर अवलंबून नाही. अहवाल जाहीर होईल हे नेमणुकीच्या पत्रातच लिहा, नाहीतर तो कपाटात जातो. कार्यकक्षेत ‘विद्यार्थ्यांचे वर्तन’ एवढेच असू नये. पोलीस बोलावण्याचा निर्णय कोणी, केव्हा आणि कोणत्या माहितीवर घेतला, हा त्यातला पहिला मुद्दा असावा. त्या आठवड्यात परीक्षा असेल, तर ताब्यात असलेल्या आणि जखमी विद्यार्थ्यांसाठी दुसरी तारीख त्याच दिवशी जाहीर करा, अर्ज न मागता.